इंग्रजी शिकवायचंय, पण बजेट कमी आहे? मोबाइलवरून योग्य दूरशिक्षण कोर्स असा शोधा

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. "दादा, ही लिंक बघ ना. एका वर्षात घरबसल्या इंग्लिश टीचिंगची डिग्री, फी ३५ हजार, आज रात्रीपर्यंत निम्मी सूट. घेऊ का?" ती बीकॉम झालेली आहे. घरीच शेजारच्या मुलांचे इंग्रजीचे क्लास घेते आणि पुढेमागे शाळेत लागायचं तिच्या मनात आहे. मी लिंक उघडेपर्यंत तिने 'सीट बुकिंग'चे दोन हजार पाठवलेही होते. ते परत मिळाले नाहीत.

मी शिक्षण क्षेत्रातला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण त्या संध्याकाळी आम्ही फोन घेऊन बसलो आणि जे तपासलं, ते तुम्हालाही मोबाइलवर तासाभरात तपासता येईल.

आधी नोकरी ठरवा, मग कोर्स

बहुतेक जण 'स्वस्त कोर्स कोणता' इथून सुरुवात करतात. खरा पहिला प्रश्न असा आहे: तुम्हाला जिथे शिकवायचंय, तिथे कोणता कागद मागतात?

- स्वतःचा क्लास किंवा ऑनलाइन शिकवणी: कायद्याने ठरावीक पदवी लागत नाही. इथे चांगलं प्रमाणपत्र आणि शिकवण्याची हातोटी कामाला येते.
- शाळा: पहिली ते पाचवीसाठी डीएलएड लागतं. इथे बीएड चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल आहे. त्यापुढच्या वर्गांसाठी पदवी आणि बीएड. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत टीईटीही पास व्हावी लागते.
- ज्युनियर कॉलेज: एमए आणि बीएड.
- सीनियर कॉलेज: किमान ५५ टक्क्यांनी एमए, शिवाय नेट किंवा सेट.

म्हणजे प्रमाणपत्र, पदविका, पदवी आणि बीएड ही चार वेगळी कुलपं आहेत. एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही. बहिणीला शाळेत जायचं होतं आणि ती ३५ हजार देऊन जे घेणार होती, त्याने शाळेचं दार उघडलंच नसतं.

'टीईएफएल' आणि 'टीईएसओएल' या शब्दांनीही खूप जण फसतात. ही कुठल्या एका परीक्षेची नावं नाहीत, परकीयांना इंग्रजी शिकवण्याच्या क्षेत्राची नावं आहेत. त्यामुळे कोणतीही खासगी कंपनी '१२० तासांचं टीईएफएल' असं छापून प्रमाणपत्र देऊ शकते. केंब्रिजच्या सेल्टाची गोष्ट वेगळी. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवून दाखवावं लागतं आणि त्याचं मूल्यमापन होतं. पण तो कोर्स 'स्वस्त'मध्ये बसत नाही आणि आपल्याकडच्या शाळेत बीएडची जागाही घेत नाही.

सर्चमधला पहिला रिझल्ट म्हणजे बहुतेक वेळा जाहिरात

गुगलवर 'डिस्टन्स इंग्लिश टीचिंग डिग्री' टाकलं की वरचे काही रिझल्ट 'प्रायोजित' असतात. तिथे पैसे भरणाऱ्याला जागा मिळते, मान्यता असलेल्याला नाही. त्यातल्या अनेक साइट विद्यापीठाच्या नसून एजंटच्या असतात. तुम्ही फॉर्ममध्ये नंबर टाकला की दहा मिनिटांत फोन सुरू.

दोन साध्या सवयी लावून घ्या. पहिली, पत्त्याचा शेवट बघा. 'डॉट एसी डॉट इन' आणि 'डॉट ईडीयू डॉट इन' हे पत्ते ईआरनेट ही सरकारी संस्था फक्त शिक्षणसंस्थांना देते. असा पत्ता असला म्हणजे कोर्स मान्य आहेच असं नाही, पण समोर निदान एजंट नाही. दुसरी, विद्यापीठाच्या साइटवर जाऊन तिथूनच फी आणि प्रवेशाची लिंक शोधा. मेसेजमधल्या लिंकवरून पैसे कधीच भरू नका.

डीईबीवर तपासा, तेही कोर्सच्या नावानिशी

भारतात दूरशिक्षणाच्या पदवीला यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्यूरोची, म्हणजे डीईबीची मान्यता लागते. त्यांच्या साइटवर विद्यापीठांची यादी असते. नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं की लोक थांबतात, आणि इथेच चूक होते. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते. ती ठरावीक कोर्सला आणि ठरावीक सत्रासाठी असते. म्हणून तीन गोष्टी जुळवा: विद्यापीठ, कोर्सचं नेमकं नाव आणि तुमचं प्रवेशाचं सत्र.

२०२४ पासून अशा प्रवेशाला डीईबी आयडीही लागतो. त्यासाठी आधी एबीसी आयडी काढावा लागतो आणि तो डिजिलॉकरवरून मिळतो. हे सगळं फोनवर होतं. 'आयडीबियडी काही लागत नाही, आम्ही करून देतो' असं कुणी म्हणालं, तर तिथेच फोन ठेवा.

मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. त्यामुळे 'डिस्टन्सची डिग्री कोण विचारतो' या टोमण्याकडे लक्ष देऊ नका.

नवख्यांसाठी पर्याय कोणते?

१९८५ मध्ये स्थापन झालेलं इग्नू हा सुरुवातीचा सोपा पत्ता. तिथलं एमए इंग्रजी कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येतं. किमान दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात, त्यामुळे नोकरी सांभाळून जमतं. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून कशी शिकवावी, याचं किमान सहा महिन्यांचं प्रमाणपत्रही इग्नूने चालवलंय. चालू सत्रात प्रवेश सुरू आहे का, ते साइटवर बघा. हैदराबादची इफ्लू ही तर इंग्रजी आणि परकीय भाषांसाठीचं केंद्रीय विद्यापीठ. तिथली इंग्रजी अध्यापनाची पदविका नावाजलेली आहे, पण ती पदव्युत्तर आहे. बारावी झाल्या झाल्या तिचा विचार करू नका.

बीएडबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. दूरशिक्षणाचं बीएड मुळात आधीपासून काम करणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी असतं. नवख्याला 'घरबसल्या बीएड' विकणारा माणूस तुम्हाला गंडवतोय, असंच समजा. नियमित बीएडसाठी कॉलेजला एनसीटीईची मान्यता आहे का, ते बघावं लागतं.

फी नाही, एकूण खर्च मोजा

जाहिरातीतला आकडा सहसा एका वर्षाचा किंवा एका सेमिस्टरचा असतो. फोनच्या नोट्समध्ये ही यादी करा: नोंदणी फी, सगळ्या वर्षांची कोर्स फी, परीक्षा फी (इग्नूत ती प्रत्येक विषयामागे वेगळी भरावी लागते), परीक्षा केंद्रापर्यंतचा प्रवास आणि नापास झाल्यास पुन्हा बसण्याचा खर्च. मग बेरीज करून तुलना करा. शिष्यवृत्ती आणि फी परताव्याचे नियमही भरण्याआधी वाचा, नंतर नाही.

पैसे भरण्याआधी आठवडाभर फुकट शिका

इग्नूची पुस्तकं ई-ज्ञानकोशवर मोफत वाचता येतात. स्वयम पोर्टलवरचे कोर्स मोफत आहेत, प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला तेवढी फी असते. ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवर शिक्षकांसाठी तयार पाठ मिळतात. एक धडा निवडा आणि घरच्या चार मुलांना शिकवून बघा. आठवड्यात कंटाळा आला, तर तुमची फी वाचली.

बहिणीने हेच केलं. डीईबीवर नाव जुळवलं, इग्नूच्या एमए इंग्रजीला प्रवेश घेतला. एमए झाल्यावर नियमित बीएड करायचं तिने ठरवलंय. रस्ता एका वर्षाचा नाही, चांगला चार वर्षांचा आहे. पण आता कोणत्या वर्षी हातात कोणता कागद येणार आणि तो कुठे चालणार, हे तिला नक्की माहीत आहे. ते दोन हजार रुपये गेले ते गेलेच. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिलं.