अभ्रकाचा पापुद्रा: पॉवर ट्रान्झिस्टर हीटसिंकवर बसवताना

मागच्या व्याख्यानात आपण पॉवर सप्लाय संपवला. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, दोन मोठे कपॅसिटर, आणि त्यातून निघणारे अधिक ३५ आणि उणे ३५ व्होल्ट. आजचा विषय ऐकायला अगदी साधा आहे: ट्रान्झिस्टर हीटसिंकवर स्क्रूनं आवळायचा. पण घरी बनवलेले जे अँप्लिफायर आमच्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांत सर्किट चुकलेलं क्वचित सापडतं. चुकलेली असते ती बसवणी.

मूळ अडचण काय, ती आधी समजून घेऊ. पॉवर ट्रान्झिस्टरच्या पाठीला जो धातू असतो, तो नुसता आधार नसतो. आतली चिप त्याच धातूवर बसवलेली असते आणि तो धातू कलेक्टरला जोडलेला असतो. जुना २एन३०५५ आठवा, आरसीए कंपनीनं १९६०च्या दशकात आणलेला, दोन कान असलेली लोखंडी टोपी. त्याची अख्खी टोपी म्हणजे कलेक्टर. आजच्या २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीतही पाठ म्हणजे कलेक्टरच. आपल्या सर्किटमध्ये एकाचा कलेक्टर अधिक ३५ वर, दुसऱ्याचा उणे ३५ वर. दोन्ही एकाच अॅल्युमिनियमवर उघडे आवळले, तर ७० व्होल्टांचा सरळ शॉर्ट.

म्हणजे मध्ये असं काहीतरी हवं, की जे वीज अडवेल पण उष्णता जाऊ देईल. निसर्गात या दोन गोष्टी सहसा एकत्र मिळत नाहीत. वीज अडवणारे पदार्थ बहुतेक उष्णताही अडवतात. अभ्रक, म्हणजे आपला मायका, यालासुद्धा अपवाद म्हणता येत नाही. अॅल्युमिनियमच्या मानानं तो उष्णता तीनशे पट वाईट वाहतो. मग तो का वापरायचा? कारण त्याचे पापुद्रे सुटतात. ०.०५ मिलिमीटरचा पापुद्रासुद्धा हजार व्होल्ट सहज सोसतो, आणि इतक्या पातळ थरातून उष्णतेला फारसं अंतर कापावं लागत नाही. झारखंडमधल्या कोडरम्याच्या खाणींनी एके काळी जगाला अभ्रक पुरवला तो याच गुणावर. वैद्यांचं अभ्रकभस्म ते हेच, पण तो वेगळा विषय.

आता पेस्ट. ‘मायका घातलाय की, पेस्ट कशाला?’ असं पुष्कळ जण विचारतात. अभ्रक आणि धातू दिसायला सपाट असले, तरी प्रत्यक्षात टेकतात फक्त काही ठिकाणी. उरलेल्या फटींत हवा असते, आणि हवा अभ्रकापेक्षाही वीसेक पट वाईट. पेस्ट त्या फटी भरते, तेवढंच तिचं काम. म्हणून दोन्ही बाजूंना अगदी पातळ लावायची, अभ्रक आरपार दिसला पाहिजे. श्रीखंडासारखी थापली तर पेस्टच अडथळा होते.

याचा हिशोब आपण फळ्यावर करू, कारण इथंच खरं नुकसान होतं. २एससी५२०० च्या डेटाशीटवर १५० वॉट लिहिलंय. ते कधी? पाठ २५ अंशांवर धरून ठेवली तर! आतल्या चिपची मर्यादा १५० अंश, म्हणजे दर वॉटला ०.८३ अंशांची वाढ फक्त ट्रान्झिस्टरच्या आतच. आपल्या सप्लायवर ४ ओहमचा स्पीकर लावला, तर सर्वांत वाईट वेळी प्रत्येक ट्रान्झिस्टर सुमारे ३१ वॉट उष्णता टाकतो, दोन्ही मिळून ६२. मे महिन्यात कोल्हापुरात कॅबिनेटच्या आत ४० अंश धरा. हीटसिंक दर वॉटला १ अंश तापणारा, म्हणून त्याचे ६२. पेस्ट लावलेल्या अभ्रकाचे, दर वॉटला ०.४ धरून, १२. आतले २६. बेरीज १४०. वाचलो. आता तोच अभ्रक कोरडा ठेवा. दर वॉटला १ अंश धरला, तर १२च्या जागी ३१, आणि बेरीज १५९. मर्यादा ओलांडली. गाणं वाजताना इतका भार सतत नसतो, हे मान्य. पण लग्नघरात चार तास आवाज चढवून ठेवणारे पाहुणे आपण सगळ्यांनी पाहिलेत.

८ ओहमवर हे सगळं निम्म्यावर येतं, म्हणून कोरड्या अभ्रकाचा अँप्लिफायर वर्षभर चालतो आणि मालकाला वाटतं, बसवणी बरोबर आहे.

यापुढचं काम हातांचं. उद्यमनगरात हीटसिंक प्लेन करून, भोकं पाडून सहज मिळतं. सिनेमाचा कॅमेरा घडवणाऱ्या बाबुराव पेंटरांचं हे गाव, कारागिरीची इथं वाण नाही. पण ड्रिल केलं की भोकाच्या कडेला बर उभी राहते. ती काढायची, आपण स्वतः, मोठं ड्रिल हातानं दोन वेळा फिरवून. मग बोट फिरवून बघायचं. ही बर अभ्रकाला पहिल्या दिवशी भोक पाडत नाही. धातू तापतो, निवतो, सरकतो, आणि काही महिन्यांनी ती आरपार जाते. हीटसिंकचा काळा अॅनोडाइज थरही वीज अडवतो, पण एक ओरखडा पुरतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसरी वाट स्क्रूची. टीओ-३ आणि टीओ-२२० या घडणीत स्क्रू थेट धातूच्या भोकातून जातो, म्हणून प्लॅस्टिकचा बुश हवाच. खाली अभ्रक आणि वर उघडा स्क्रू, असं असेल तर अभ्रक शोभेपुरता. २एससी५२०० चं भोक प्लॅस्टिकमध्ये असतं, तिथं बुश लागत नाही. बायससाठी बीडी१३९ हीटसिंकवर बसवत असाल, तर त्याच्या पाठीलाही कलेक्टर आहे हे विसरू नका. स्क्रू जिवाच्या आकांतानं आवळू नये. टीओ-२२० मध्ये स्क्रू एका टोकाला, चिप दुसऱ्या टोकाकडे. जास्त आवळला की चिपची बाजू उलट उचलली जाते. स्प्रिंग वॉशर घाला. आणि आधी स्क्रू, मग पायांना शिसं, नाहीतर ताण पायांवर राहतो.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की एखादा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटलाच तर कळेल कसं? हीटसिंक अर्थिंगला आणि सप्लायच्या शून्याला जोडलेला असेल, तर फ्यूज जातो आणि लगेच कळतं. तो अधांतरी असेल, तर काहीच कळत नाही. आवाज छान येतो, मागचा हीटसिंक मात्र ३५ व्होल्टांवर बसलेला असतो. मग एखाद्या दिवशी मोबाइलच्या केबलची धातूची पिन त्याला लागते, ठिणगी उडते आणि फोनही जाऊ शकतो. म्हणून अर्थिंग जोडायचंच.

शिसं लावण्याआधी मीटर मेगाओहमवर ठेवून प्रत्येक कलेक्टर ते हीटसिंक तपासा. आकडा यायलाच नको. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर ६० वॉटचा पिवळा बल्ब लावा, एलईडी नको. क्षणभर उजळून मंद झाला तर कपॅसिटर भरले. तसाच भगभगत राहिला, तर बटण बंद करा, कपॅसिटर रिकामे होऊ द्या आणि मीटर पुन्हा हातात घ्या.