मातीचा रंग सुतावर कसा चढतो?

फाल्गुनात अकोल्याहून बार्शीटाकळीकडे निघाले, की रंगांचे पट्टे एकामागून एक डोळ्यांपुढे येऊ लागतात. वखरलेल्या जमिनीचा काळा, वेचणी संपलेल्या पऱ्हाटीचा करडा, बांधावर मध्येच पेटलेल्या पळसाचा केशरी, पुढे महानच्या धरणातील काटेपूर्णेच्या पाण्याचा निळा आणि त्यामागे पानगळ झालेल्या सागवानाचा धुरकट. चित्रकाराला यात चित्र दिसेल. विणकामाच्या सुया हाती असणाऱ्याला मात्र यात चार ओळी काळ्या, दोन करड्या, एक बारीक केशरी असा स्वेटरचा नमुना दिसू शकतो.

ऑस्ट्रेलियात हा प्रकार चांगलाच रुजला आहे. तेथील वाळवंटाची तांबडी माती, नीलगिरीच्या पानांचा राखट हिरवा, बाभळीच्या कुळातील वॉटलच्या फुलांचा पिवळा असे रंग लोकरीच्या लडीवर हाताने चढवायचे आणि त्यातून स्वेटर, टोप्या, शाली विणायच्या, हा अनेकांचा छंद आणि काहींचा व्यवसाय झाला आहे. त्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत जेनी की हे नाव महत्त्वाचे. त्यांनी १९७३ मध्ये सिडनीत ‘फ्लेमिंगो पार्क’ हे दुकान सुरू केले आणि तेथील प्राणी, फुले व निसर्ग थेट स्वेटरवर आणला. त्यांचा कोआलाचे चित्र विणलेला स्वेटर १९८२ मध्ये ब्रिटनच्या राजकुमारी डायना यांच्या अंगावर दिसला आणि या शैलीचे नाव सर्वदूर झाले.

हाताने रंगवलेल्या लडीचे वैशिष्ट्य तिच्या अपूर्णतेत असते. गिरणीत शेकडो किलो सूत एकाच द्रावणात रंगते, त्यामुळे पहिल्या आणि शेवटच्या गुंड्यात फरक पडत नाही. हाताने रंगवताना एका लडीवर दोन-तीन रंग ओतले जातात, ते एकमेकांत झिरपतात आणि कोठे गडद, कोठे फिकट राहतात. एकाच भांड्यातून निघालेल्या दोन लड्याही तंतोतंत सारख्या नसतात. म्हणून जाणकार दोन लड्या आलटून पालटून दोन-दोन ओळी विणतात. तसे न केल्यास स्वेटरच्या मधोमध रंगाची रेघ उमटते.

विणकामाची रीत फार अवघड नाही. ‘फेअर आइल’ या स्कॉटिश पद्धतीत एका ओळीत दोन रंगांचे धागे वापरतात. एक पुढे टाके घालतो तेव्हा दुसरा मागून सैल धावतो. हा मागचा धागा ओढला गेला, की कापडाला चुण्या पडतात. मोठे चित्र काढायचे असेल, तर प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरता ठेवून शेजारच्या धाग्याशी पीळ दिला जातो. घरोघरी टोपडी आणि मोजे विणणाऱ्या पिढीला सुलट-उलट टाक्यांपलीकडचे हे तंत्र शिकायला दोन दुपारी पुरतात. खरी गफलत होते ती रंग निवडताना. डोळ्याला वेगळे भासणारे दोन रंग उजळपणात सारखे असले, तर नक्षी विरघळून जाते. लड्या शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढले, की ते चटकन कळते.

वऱ्हाडात हे करायचे म्हटल्यावर मात्र पहिली अडचण तंतूचीच येते. लोकर म्हणजे प्रथिन. किंचित आम्ल, म्हणजे साधे व्हिनेगर, आणि उष्णता मिळाली की ती रंग आतपर्यंत ओढून घेते. नीलगिरीची पाने नुसती पाण्यात उकळली, तरी काही जातींपासून लोकरीवर नारिंगी ते विटकरी रंग चढतो. तुरटीसारख्या रंगबंधकाचीही गरज लागत नाही. वऱ्हाड हा मात्र कापसाचा मुलूख. कापूस म्हणजे सेल्युलोज आणि त्याला बहुतेक वनस्पतिजन्य रंगांविषयी आपुलकी नसते. लोकरीला विटकरी करणारी तीच पाने सुतावर फिकट डाग ठेवून जातात. आपल्याकडील दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण अंगालगतच्या नाजूक विणीसाठी ती बोचरी. शिवाय अकोल्याच्या उन्हाळ्यात लोकरीचा विचारही नकोसा वाटतो.

सुताला पक्का रंग देण्याची विद्या या भागात नव्हती, असे मात्र नाही. मध्य भारत आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत एकेकाळी आल, म्हणजे बारतोंडी, मुद्दाम पेरली जाई. तीन-चार वर्षांनी जमीन खोल खणून तिच्या मुळ्या काढत. मुळांच्या सालीत तांबडे रंगद्रव्य असते आणि जाड मुळ्यांपेक्षा बारीक मुळ्यांना अधिक मोल असे. रंगारी आधी कापड एरंडीचे तेल व खार यांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवीत, मग हिरडा, मग तुरटी, आणि त्यानंतर आलच्या भांड्यात मंद आचेवर शिजवीत. यात कित्येक दिवस जात. चोपड्यांच्या वेष्टनाला वापरला जाणारा जाडाभरडा तांबडा खारवा असाच तयार होई.

१८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतील अलिझारीन हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवले. पुढच्याच वर्षी त्याच्या कारखानी उत्पादनाची एकस्वे घेतली गेली. तीन वर्षे जमिनीत वाढणाऱ्या मुळीला डब्यातून येणाऱ्या भुकटीशी स्पर्धा करणे शक्य नव्हते. त्याआधी, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५), वऱ्हाडच्या कापसाला तेजी आली होती. काळ्या जमिनीला अधिक लाभाचे पीक मिळाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बारतोंडीची शेती मोडीत निघाली आणि रंगाऱ्यांच्या हातची ती दीर्घ प्रक्रियाही मागे पडली. ज्या मातीतून कापूस आणि रंग दोन्ही निघत, तिथून आता कापूस तेवढा बाहेर जातो.

आज घरगुती प्रमाणात सूत रंगवायचे, तर सर्वांत सोपा मार्ग धुण्याच्या सोड्यासह थंड पाण्यात चढणाऱ्या रासायनिक रंगांचा आहे. ते सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात, म्हणून धुण्याला टिकतात. वनस्पतींचाच आग्रह असेल, तर आधी हिरड्याचे पाणी आणि मग तुरटी हा जुना क्रम सोडता येत नाही. त्यावर डाळिंबाच्या सालीचा पिवळा चांगला बसतो. गंजके लोखंड आणि गूळ पाण्यात काही दिवस मुरवून केलेले द्रावण हिरड्याच्या सुतावर पडले, की काळ्या मातीचा नेमका काळा मिळतो. मात्र लोखंडाचे प्रमाण वाढले, तर सूत कुजते. पळसाविषयी निराशा पदरी येते. झाडावर केशरी दिसणारे फूल सुताला पिवळा रंग देते आणि तोही उन्हात उडतो. वर्षातून एकदा रंगपंचमीला खेळण्यापुरताच तो ठीक.

सुती धाग्याला लोकरीसारखा ताणही नसतो. मागे धावणारे धागे थोडेही आवळले, तर विणीत चूक लपत नाही. त्यामुळे सुतासाठी मोठे रंगपट्टे किंवा एका ओळीत एकच रंग ठेवून जुन्या ओळीचा टाका उचलण्याची पद्धत बरी पडते.

रंगवण्याचा प्रश्नच टाळणारा एक पर्याय विदर्भातच आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने ‘वैदेही-९५’ हा तपकिरी बोंडाचा वाण विकसित केला आहे. रंग धाग्यातच असल्याने भांडे, तुरटी, सांडपाणी काहीच लागत नाही. पण शेजारच्या पांढऱ्या कापसाशी त्याचा संकर होऊ नये म्हणून तो अंतर राखून घ्यावा लागतो, आणि वेचणीत व जिनिंगमध्येही वेगळा ठेवावा लागतो. पांढऱ्या कापसाच्या मुलखात ही अट सोपी नाही. या तपकिरी सुताचा एक गुण मात्र विणणाऱ्यांना आवडण्याजोगा आहे. सोड्याच्या गरम पाण्यात धुतले, की ते फिके न पडता अधिक गडद होते.