वळणावरचा जादा फेरा

थारसारख्या गाडीच्या मागच्या दोन चाकांमध्ये साधारण दीड मीटर अंतर असतं. ही गाडी एक पूर्ण गोल फिरली, तर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा किती जास्त चालेल? गोल छोट्या अंगणाएवढा घ्या किंवा अख्ख्या मैदानाएवढा, उत्तर तेच येतं: सुमारे ९.४ मीटर. गोलाची त्रिज्या गणितातून चक्क गळून पडते! उरतं फक्त चाकांमधलं अंतर गुणिले दोन पाय (२π). म्हणजे वळण गल्लीतलं असो की घाटातलं ऐसपैस, काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला २.३५ मीटर जास्त जावंच लागतं. या गाडीच्या टायरचा घेर अडीच मीटरच्या आसपास असतो. प्रत्येक काटकोनी वळणावर जवळजवळ एक अख्खा फेरा जादा!

आणि इंजिनाकडून मागे येणारा दांडा तर एकच. मग एका दांड्याने दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवायची कशी?

१८२० च्या दशकाच्या अखेरीस ओनेसिफोर पेक्योर या फ्रेंच माणसाने वाफेच्या गाडीसाठी याचं उत्तर शोधलं, डिफ्रन्शिअल, आणि त्याचं पेटंट घेतलं. आज ट्रकपासून जीपपर्यंत सगळीकडे तेच उत्तर फिरतंय. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्याच्या आत दांड्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे टेल पिनियन, क्राऊन नावाच्या मोठ्या दातेरी चाकाला फिरवतं. क्राऊनला एक पिंजरा जोडलेला असतो. पिंजऱ्यातल्या पिनवर छोटे स्टार गिअर बसवलेले असतात आणि त्यांच्या दोन बाजूंना दोन साइड गिअर. त्या साइड गिअरमधूनच डावी-उजवी चाकं चालतात.

गाडी सरळ चालली की स्टार गिअर स्वतःभोवती अजिबात फिरत नाहीत. सगळं एकसंध लोखंड असल्यासारखं एकत्र गरगरतं. वळण आलं की मात्र स्टार हलकेच लोळू लागतात. एका चाकाचे जितके फेरे कमी होतात, नेमके तितकेच दुसऱ्याला मिळतात. दोन्ही चाकांच्या वेगांची बेरीज कायम क्राऊनच्या दुप्पट! वळण किती तीव्र आहे हे डिफ्रन्शिअलला कुणी सांगत नाही. ना सेन्सर, ना कॉम्प्युटर. रस्ता चाकांना ढकलतो आणि गिअर आपोआप हिशेब जुळवतात.

पण हाच न्यायीपणा चिखलात गाडीला दगा देतो. डिफ्रन्शिअल वेग हवा तसा वाटतं, जोर मात्र दोन्ही बाजूंना कायम सारखाच देतं. नांगराला जुंपलेली बैलजोडी आठवा. नांगर जुवाच्या मधोमध बांधलेला असतो. एक बैल ढिला पडला की जू फिरतं आणि दुसऱ्याची सगळी ताकद वाया जाते. पिंजऱ्यातला स्टार म्हणजे हुबेहूब ते जू. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला जोरच लागत नाही. मग दुसऱ्या, घट्ट जमिनीवरच्या चाकालाही जवळजवळ शून्यच मिळतो. एक चाक क्राऊनच्या दुप्पट वेगाने चिखल उडवत राहतं, दुसरं जागचं हलत नाही.

आता याच नियमाची उलटी बाजू बघा. लटकलेल्या चाकाला थोडा ब्रेक लावला तर? त्याला फिरायला जोर लागू लागतो आणि तेवढाच जोर दुसऱ्या चाकालाही मिळतो! चाक अडवून गाडी पुढे काढायची, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. हल्लीच्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्स नेमकं हेच करतं.

आणखी ठाम उपाय म्हणजे लॉकर. पिंजऱ्यातलं ते लोळणंच थांबवायचं. एअर लॉकरमध्ये कॉम्प्रेसरची हवा एक कडं सरकवते आणि साइड गिअर पिंजऱ्याला जखडला जातो. ईटन कंपनीच्या मेकॅनिकल लॉकरमध्ये तर बटणही नाही. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली छोटी वजनं बाहेर फेकली जातात, खिटी अडकते आणि क्लच दाबून दोन्ही बाजू एक होतात. रोजच्या वळणांवर एवढा फरक पडत नाही, म्हणून रस्त्यावर तो शांत राहतो.

लॉकर बसवणं म्हणजे जुना पिंजरा काढून नवा ठेवणं, एवढंच ना? इथेच बारकाईचं खरं राज्य सुरू होतं. बेअरिंगच्या टोप्या खोलण्याआधी खुणा करायच्या, कारण प्रत्येक टोपी तिच्याच जागी हाउजिंगसोबत कापलेली असते. डाव्याची उजवीकडे गेली तर बेअरिंग नीट बसत नाही. क्राऊन आणि पिनियन ही कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी. एक खराब झालं की दोन्ही बदलायची.

मग येते दातांमधली मोकळीक. बऱ्याच ॲक्सलमध्ये ती ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर एवढीच हवी. डायल गेज लावायचं, क्राऊन हलवून बघायचं आणि दोन्ही बाजूंचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, कमी-जास्त जाडीचे घालत ती नेमकी पकडायची. दोन टनी गाडीचा सगळा जोर या फटीवर विसंबून! एवढ्यावर भागत नाही. दातांना रंग लावून क्राऊन फिरवला की दात कुठे टेकतात त्याचा ठसा उमटतो. ठसा दाताच्या मुळाकडे सरकला तर पिनियन फार आत, टोकाकडे गेला तर फार बाहेर. पुन्हा सगळं खोलायचं आणि पिनियनखालचा शिम बदलायचा. या ठशापुढे चांगले चांगले मिस्त्री तासन्‌तास बसतात, आणि ते योग्यच आहे.

दातांची संख्याही विचारपूर्वक निवडलेली असते. जुन्या विलीज सीजे-३बी जीपमध्ये पिनियनला ८ आणि क्राऊनला ४३ दात. ४० का नाहीत? ४० असते तर पिनियनचा एक दात जन्मभर क्राऊनच्या त्याच पाच दातांना भेटला असता. ४३ मुळे प्रत्येक दात प्रत्येकाला भेटतो आणि झीज सगळ्यांत वाटली जाते.

काम झालं, गाडी रस्त्यावर आली आणि मागून आवाज येतोय. दोष कुठे? आवाज काय येतो यापेक्षा कधी येतो हे आधी विचारा. फक्त वळताना येत असेल तर संशय स्टार आणि साइड गिअरवर, कारण ते वळणावरच लोळतात. ॲक्सिलरेटर दाबला की कण्हणं आणि पाय काढला की शांतता, किंवा याच्या उलट, असं असेल तर क्राऊन-पिनियनची जुळणी तपासा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर दातांची एक बाजू टेकते, पाय काढल्यावर दुसरी. पाय दाबा वा काढा, घरघर फक्त वेगाबरोबर वाढत असेल तर बेअरिंग. गिअर टाकताना खट्कन आवाज आला तर मोकळीक जास्त, किंवा प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या, सांध्यातला क्रॉस झिजलेला. गोळा न उघडता, नुसत्या कानाने लोखंडाच्या आतला नेमका भाग सापडतो!

नव्या क्राऊन-पिनियनचं पहिलं तेल सुरुवातीच्या काहीशे किलोमीटरनंतर बदलतात. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर सापडतो. नव्या दातांची ती साहजिक झीज, पुसून टाका. पण बोटांत कडक कपची लागली, तर गाडी तिथेच थांबवून गोळा उघडायचा.