शस्त्रक्रियेनंतरचे बाळंतपण : आईची वेदना आणि बाळाचे दूध

कुंभकोणमपासून सुमारे वीस किलोमीटरांवर, कावेरीच्या फाट्यांपैकी वेट्टार नावाच्या नदीच्या काठी तिरुक्करुगावूर हे गाव वसले आहे. गावाची कीर्ती त्याच्या नावातच साठवलेली आहे. तमिळ भाषेत ‘करु’ म्हणजे गर्भ, ‘का’ म्हणजे राखणे आणि ‘ऊर’ म्हणजे गाव. मुल्लैवननाथ या नावाने येथे शिवाची पूजा होते आणि त्याच्या सान्निध्यात गर्भरक्षांबिका देवी आहे. गर्भवती स्त्रिया दूरदूरच्या प्रांतांतून येथे येतात. देवीपुढे ठेवलेले एरंडेल प्रसाद म्हणून घेतात, दिवस भरत आले की ते पोटास हलक्या हाताने लावतात आणि मूल झाल्यावर पुन्हा येऊन त्याला देवळातील पाळण्यात घालतात.

या स्थानाची कथा अशी सांगतात. निध्रुव ऋषींची पत्नी वेदिका गर्भवती होती. पती घरी नसताना ऊर्ध्वपाद नावाचे मुनी भिक्षेसाठी दाराशी आले. थकव्याने ग्लानी आलेली वेदिका उठू शकली नाही. मुनींना तो आपला अपमान वाटला आणि त्यांच्या शापाने गर्भास व्याधी जडली. वेदिकेने देवीचा धावा केला. देवीने तो गर्भ घटात सांभाळून वाढविला आणि यथाकाळ मूल आईच्या हाती दिले. त्या बालकाला दूध मिळावे म्हणून कामधेनूने खुराने भूमी उकरून दुधाचे तळे निर्माण केले. देवळाजवळचे क्षीरकुंड ते हेच, असे मानतात. कथेचा चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला, तरी तिच्यात एक फार जुनी आणि फार खरी गोष्ट उरते. वेदिकेचा अपराध एवढाच की, ती थकली होती आणि तिचा थकवा पाहणाऱ्याला दिसला नाही.

आज कित्येक बाळंतिणींच्या वाट्याला जे येते, ते याहून फारसे निराळे नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे तमिळनाडूत शंभरांतील सुमारे ४५ प्रसूती शस्त्रक्रियेने, म्हणजे सिझेरियनने, झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ आणि सबंध भारतात २१ ते २२ होते. हे प्रमाण योग्य की अयोग्य हा वाद स्वतंत्र आहे. येथे विचार करावयाचा तो शस्त्रक्रिया होऊन गेल्यानंतरचा. पोटाची कातडी, तिच्याखालचे पदर आणि गर्भाशय इतके सारे कापून पुन्हा शिवलेली स्त्री काही दिवसांतच घरी येते. अशा प्रकारची दुसरी कोणतीही मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरचे लोक अंथरुणावरून हलू देत नाहीत. हिला मात्र दिवसातून आठ-दहा वेळा उठून तान्ह्याला पाजायचे असते.

आणि नेमक्या याच वेळी तिच्या हातातून औषध काढून घेतले जाते. ‘गोळी घेतलीस तर ती दुधातून बाळाला जाईल; थोडे सोस,’ असे वडीलधारे सांगतात. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण या एका वाक्यामुळे किती बाळंतिणींनी विनाकारण रात्री कण्हत काढल्या असतील याची गणती नाही.

प्रसूतीची वेदना सोसलीच पाहिजे ही समजूत आपल्याकडचीच नव्हे. १८४७ साली एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरण्यास आरंभ केला, तेव्हा वेदना हा ईश्वरी नियम आहे असे म्हणणारे लोक तेथेही होते. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाने आपल्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला आणि त्यानंतर या विरोधाचा जोर ओसरत गेला.

दुधात औषध उतरते हे खरे आहे. प्रश्न किती उतरते हा आहे. पॅरासिटामोल आणि आयबुप्रोफेन ही दोन औषधे स्तनदा मातेसाठी सर्वांत प्रथम निवडली जातात, ती याच कारणासाठी. आयबुप्रोफेन रक्तातील प्रथिनांना इतके घट्ट बिलगून राहते की दुधात त्याचा अंश जेमतेम सापडतो. वजनाच्या हिशेबाने तो आईच्या मात्रेच्या शतांशाहूनही कमी भरतो. पॅरासिटामोल थोडे अधिक उतरते, परंतु तान्ह्याला ताप आल्यास हेच औषध डॉक्टर त्याला देतात आणि त्या मात्रेच्या मानाने दुधातून जाणारा भाग अगदी किरकोळ असतो. शिवाय पहिल्या दोन-तीन दिवसांत बाळ पिते तो चीक चमच्यांनी मोजण्याइतकाच; त्यातून जाणारे औषध त्याहूनही थोडे. म्हणून गोळी घेतल्यावर दूध पिळून फेकून देण्याचे किंवा पाजणे लांबविण्याचे काही कारण नाही.

उलट, वेदना न आवरल्याने दुधाचेच नुकसान होते. बाळ स्तनाला लागले की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचा स्राव सुटतो आणि त्याच्या प्रेरणेने दूध वाहू लागते. पान्हा फुटणे म्हणतात ते हेच. तीव्र वेदना आणि भीती या स्रावाला अडवितात. वेदनेने अवघडलेली आई बाळाला नीट जवळ घेऊ शकत नाही, बाळ अर्धवट लुचते आणि स्तनाग्रांना चिरा पडतात. मग ‘हिला दूधच नाही’ असा निष्कर्ष निघून घरात बाटली येते. शस्त्रक्रियेनंतर दूध उतरायला आधीच एखादा दिवस उशीर होऊ शकतो. त्यात ही भर कशाला?

हाच ऑक्सिटोसिन गर्भाशयालाही आकुंचित करतो. म्हणून पाजताना ओटीपोटात कळा येतात. पहिलटकरणीपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणीला त्या अधिक जाणवतात. आयुर्वेदाने प्रसूतीनंतरच्या अशा शूलाला ‘मक्कल्ल’ असे नावच दिले आहे. टाका तुटला की काय, अशी शंका या कळांनी बाळंतिणीच्या मनात येते. वस्तुतः गर्भाशय पूर्वस्थितीला येत असल्याची ती खूण असते आणि काही दिवसांत त्या थांबतात.

औषध घेण्याचीही एक रीत आहे. दुखणे असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी शोधणे ही चुकीची रीत होय. पहिले काही दिवस, दुखो वा न दुखो, ठरलेल्या वेळी औषध घेतले तर एकूण औषध कमी लागते आणि बाळंतीण हिंडूफिरू लागते. सामान्यतः पॅरासिटामोलच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दर सहा तासांनी घेतात. चोवीस तासांत ४ ग्रॅमची, म्हणजे आठ गोळ्यांची, मर्यादा कधीही ओलांडावयाची नाही. वजन ५० किलोंहून कमी असेल किंवा यकृताचा विकार असेल, तर ही मात्राही डॉक्टरांना विचारून कमी करावी लागते. तिच्या जोडीला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पोटात अन्न असताना, दिवसातून तीनदा देतात. दोहोंची काम करण्याची तऱ्हा वेगळी असल्याने ती एकत्र चालतात आणि एकट्या औषधाहून अधिक आराम देतात. मात्र पोटात व्रण, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकाने उफाळणारा दमा, गरोदरपणी वाढलेला रक्तदाब किंवा अधिक रक्तस्राव झालेला असेल, तर आयबुप्रोफेन व त्याच्या जातीची औषधे डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नयेत. मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल, तर कोणत्याही गोळीपूर्वी बालरोगतज्ज्ञाला विचारणे इष्ट.

आपल्या देशात एक घोटाळा विशेष होतो. डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक यांच्याबरोबर पॅरासिटामोल एकाच गोळीत घातलेली जोडऔषधे येथे सर्रास मिळतात. इस्पितळाने ती लिहून दिलेली असते. घरी कोणी ताप म्हणून वेगळे पॅरासिटामोल देते, सर्दीच्या गोळीतही तेच असते, आणि एकाच दिवशी तेच औषध तीन नावांनी पोटात जाते. वेष्टनावरील बारीक अक्षरे वाचण्याचे काम घरातील एखाद्या शिकलेल्या मुलाकडे सोपवावे. वेदनेच्या मात्रेतील ॲस्पिरिन पाजणाऱ्या आईने टाळावे. निमेसुलाइड हे तर २०११ साली भारतात बारा वर्षांखालील मुलांसाठी बंद करण्यात आले. बाळंतिणीला ते देण्याची गरज नाही.

कोडीन आणि ट्रॅमाडॉल यांची गोष्ट निराळी. ही अफूच्या कुळातील औषधे. काही माणसांचे यकृत कोडीनचे मॉर्फिनमध्ये रूपांतर फार झपाट्याने करते. अशा आईचे दूध पिणारे बाळ गुंगीत जाण्याचा धोका असतो. २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्तनदा मातांनी ही दोन्ही औषधे घेऊ नयेत असा इशारा दिला. डॉक्टरांनी विचारपूर्वक यांतील काही दिलेच, तर ते अल्प मात्रेत आणि थोडेच दिवस असावे. बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपते, पाजायला उठत नाही, अंग टाकते किंवा श्वास मंद घेते असे दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे.

गोळ्यांइतकाच आराम साध्या युक्तींनी मिळतो. तंजावरच्या बाजूला चटईवर निजण्याची चाल अनेक घरांत आहे. टाके असताना जमिनीवरून उठणे म्हणजे शिक्षाच. काही आठवडे खाट हवी. उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताने रेटा देऊन बसावे. खोकताना, शिंकताना, हसतानाही, उशी पोटाशी घट्ट धरावी. उकिडवे बसावे लागणाऱ्या शौचकुपात भिंतीला आधारासाठी दांडी किंवा वर ठेवायची खुर्ची असावी. परकराची नाडी नेमकी जखमेवर येते, ही गोष्ट पुरुषांच्या ध्यानात येत नाही आणि बायका बोलत नाहीत. सैल झगा त्यापेक्षा बरा. पाजताना बाळाचा भार टाक्यांवर येऊ नये म्हणून कुशीवर निजून पाजावे, किंवा बाळाला काखेखाली, पाय आईच्या पाठीकडे जातील असे, उशीवर धरावे. घरातल्या घरात थोडे थोडे चालल्याने वायू सरतो आणि पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो.

आता पथ्याविषयी. तंजावरवर सतराव्या शतकात व्यंकोजी राजांनी राज्य स्थापिले. १८५५ साली ते खालसा झाले, परंतु त्या मुलखात राहिलेली मराठी कुटुंबे अजून घरी मराठी बोलतात. अशा घरांत डिंकाच्या लाडवांशेजारी तमिळ प्रसवलेह्य यावे, हे ओघानेच आले. ‘पथ्य’ आणि ‘पत्तियम्’ हा तर एकच शब्द. डिंक, अळीव, लसूण यांनी काही बिघडत नाही. बिघडते ते पाणी तोडण्याने. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे ही समजूत दोन्हीकडे आढळते. तिने मलावरोध होतो, कुंथताना टाके ठणकतात आणि लघवीची जळजळ सुरू होते. भरपूर पाणी, फळे, भाजी आणि लागल्यास इसबगोल, हे वेदनेवरचेच उपाय समजावेत. शेक-शेगडीचाही विचार करावा. टाक्यांभोवतीची कातडी काही महिने बधिर असते, त्यामुळे निखाऱ्याचा चटका बसला तरी कळत नाही. आणि कोंडलेल्या खोलीतील धूर तान्ह्याच्या छातीला अपायकारक असतो. पोट रगडून मालिश तर काही आठवडे वर्ज्यच.

तिरुक्करुगावूरचे तेल उरले असेल तर ते जखमेला लावावे काय, असा प्रश्न श्रद्धाळू घरांत उठतो. लावू नये. जखमेला तेल, हळद, भस्म यांपैकी काहीच नको. ती स्वच्छ आणि कोरडी असावी, एवढेच तिचे मागणे. ही सूचना श्रद्धेच्या आड येत नाही. याच मुलखाचे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) धार्मिकही होते आणि धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य दोन्ही वैद्यकांची औषधे पारखून पाहात होते. त्यांच्या नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत.

दुखणे दिवसेंदिवस ओसरत जावे, हा येथला मुख्य नियम. चौथ्या दिवसापेक्षा आठव्या दिवशी ते वाढले, तर गोळी वाढवू नये, कारण शोधावे. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक, जखम लाल होणे, पाझरणे वा उसवणे, दुर्गंधी स्राव, तासाभरात घडी भिजेल इतका रक्तस्राव, एका पोटरीची सूज व दुखणे, छातीत कळ किंवा धाप, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी अथवा बसताच वाढणारी डोकेदुखी, यांपैकी एकही लक्षण दिसले तर घरी थांबू नये. महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

सर्व ठीक चालले, तर आठवड्या-दोन आठवड्यांत गोळ्या आपोआप कमी होतात. आधी दुपारची सुटते, रात्रीची बहुधा शेवटी. बाळाहून जड काही सुमारे सहा आठवडे उचलू नये. पाण्याची कळशी नाही आणि थोरले मूलही नाही. थोरल्याला कडेवर यायचे असेल, तर आईने खाटेवर बसावे आणि त्याला शेजारी चढू द्यावे.