निरोप मारुती ८००ला

आमची एमएच-२६ पासिंगची मारुती ८०० नांदेडहून लातूरला नव्या मालकाकडे निघाली. ७९६ सीसीचं इंजिन, पण लोहा-अहमदपूर रस्त्यावर भर मे महिन्यातही कधी दगा दिला नाही. १९८३ला आलेल्या या मॉडेलचं उत्पादन २०१४मध्ये थांबलं, तरी आपल्याकडचे मिस्त्री तिचा कार्ब्युरेटर डोळे झाकून खोलतात!

गाडी विकताना फॉर्म २९ आणि ३०वर सह्या करून मोकळं होऊ नका. आरसीवर नाव बदलेपर्यंत पाठपुरावा कराच. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कागदावरच्या मालकावर येते. विम्याचा नो क्लेम बोनस मात्र मालकाचा असतो, तो नव्या गाडीला लावून घ्या.

आता वॅगनआर बघतोय. सीट उंच, आईला चढ-उतार सोपी. सीएनजीवाली वापरणाऱ्यांनी ॲव्हरेज जरूर सांगा.