किर्गिझस्तान: डोंगर, कुरणे आणि तंबूतला मुक्काम

मध्य आशियातील किर्गिझस्तान हा बहुतांश डोंगराळ देश. तिएनशान पर्वतरांगेतील येथील सर्वोच्च शिखर जेंगिश चोकुसू ७,४३९ मीटर उंच आहे. सोव्हिएत राजवटीत, १९३०च्या दशकात, भटक्या पशुपालकांना सक्तीने गावांत वसवण्यात आले. तरी उन्हाळ्यात जनावरे घेऊन उंचावरच्या कुरणांवर, म्हणजे ‘जैलू’वर जाण्याची रीत टिकून आहे.

हा जीवनक्रम पाहण्यासाठी प्रवासी सोन-कुल सरोवराकाठी जातात. राजधानी बिश्केकहून कोचकोरपर्यंत मिनीबस मिळते. पुढे जीप किंवा घोडा. सरोवर सुमारे ३,००० मीटरवर असल्याने विरळ हवेची सवय होईपर्यंत धावपळ टाळावी. जून ते सप्टेंबर हा योग्य काळ. मात्र तेव्हाही रात्री कडाक्याची थंडी पडते.

मुक्काम ‘बोझ-उय’ या गोल तंबूत असतो. लाकडी सांगाड्यावर मेंढीच्या लोकरीचे जाड नमदे बांधलेले असतात. छताच्या मधोमध असलेल्या गोल झरोक्यातून धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो. हाच झरोका राष्ट्रध्वजावरही आहे. तंबू बांधण्याच्या या कलेला युनेस्कोने २०१४ मध्ये वारसा यादीत स्थान दिले. पाहुण्यापुढे नान, चहा आणि घोडीचे आंबवलेले, किंचित मादक दूध ‘किमिझ’ येते. शाकाहाऱ्यांनी आपली गरज आधीच कळवावी.