एका ‘आ’ची गोष्ट

मराठीत हुकूम सोडायला काडीचेही कष्ट पडत नाहीत. क्रियापदाचे ‘णे’ उडवले की आज्ञा तयार! बोलणेचे ‘बोल’, बसणेचे ‘बस’, करणेचे ‘कर’. समोर वडीलधारे माणूस असले, किंवा माणसे एकाहून अधिक असली, तर शेवटी एक ‘आ’ जोडायचा: बोला, बसा, करा. येणे, देणे, घेणे ही मंडळी जरा वळसा घेऊन या, द्या, घ्या अशी होतात. ‘जा’ आणि ‘खा’ मात्र लहानथोरांना सारखेच. त्यांच्या पदरी ‘आ’ मुळातच आहे! दादोबा पांडुरंगांचे व्याकरण 1836 साली निघाले, मोरो केशव दामल्यांचे 1911 साली. शाळेच्या पुस्तकांत या रूपाला ‘आज्ञार्थ’ म्हणतात.

नावात आज्ञा आहे खरी, पण ‘देव तुझे भले करो’ म्हणताना देवाला कोण हुकूम सोडतो? तेही रूप आज्ञार्थाचेच, आणि अर्थ मात्र प्रार्थनेचा. आमच्या नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्या धाकट्या भावाने 1290 साली ज्ञानेश्वरीच्या अखेरीस जे पसायदान मागितले, त्यात हा ‘ओ’कार ठायी ठायी भेटतो.

माझी एक विद्यार्थिनी हल्ली स्पॅनिश शिकते. तिची वही चाळताना मला मोठी गंमत वाटली. त्या भाषेत ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘आब्ला’ म्हणजे ‘तो बोलतो’, आणि मित्राला ‘बोल’ म्हणायचे तरी ‘आब्लाच’. पण मान द्यायचा असला की शेवटच्या ‘आ’चा ‘ए’ होतो: ‘आब्ले’, आणि अशी माणसे अनेक असली तर ‘आब्लेन’. ‘कोमेर’ म्हणजे खाणे. तिथे नेमके उलट: मित्राला ‘कोमे’, मान्यवराला ‘कोमा’. हा उलटापालटीचा खेळ कशासाठी? तर मान्यवराला ते ‘उस्तेद’ म्हणतात, आणि हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजत आला आहे. कृपेला थेट हुकूम कसा सोडणार? म्हणून ‘कृपेने बोलावे’ अशा इच्छेच्या रूपाने बोलायचे. आपल्या लग्नपत्रिकेतले ‘आपण सहकुटुंब यावे’ तरी दुसरे काय आहे?

म्हणजे रूप बनवणे कुठेही फारसे अवघड नाही. ते कोणापुढे कोणते वापरायचे, हे अवघड. आणि ते मुले पुस्तकातून नव्हे, घरातून शिकतात. आईला आपण ‘ये’ म्हणतो आणि वडिलांना ‘या’. म्हणून आईचा मान कमी होत नाही. पांडुरंगालाही आपण ‘ये’च म्हणतो. जवळिकीत ‘आ’ गळतो, तो प्रेमाने. आमच्या आईच्या पिढीत पत्नीने ‘अहो, ऐका’ म्हणायचे आणि पतीने ‘अगं, ऐक’. आता पुष्कळ घरांत दोन्हीकडून ‘ऐक ना’ ऐकू येते. संसारातली एवढी मोठी उलथापालथ, आणि व्याकरणात काय घडले? एक ‘आ’ गळला!

पण हाच ‘आ’ दुसऱ्या एका ठिकाणी गळतो, तिथे प्रेम नसते. दवाखान्यातल्या पंचविशीच्या डॉक्टरांना आपण ‘बसा’ म्हणतो. घरी भांडी घासायला येणाऱ्या साठीच्या बाईंना मात्र ‘एवढे कर आणि जा’. त्या आपल्याला ‘तुम्ही’ म्हणतात. आपल्याला ‘ये’ म्हणण्याची सोय त्यांना नाही. आई आपल्याला ‘ये’ म्हणते, आपणही तिला ‘ये’ म्हणतो. जवळीक कोणती आणि तोरा कोणता, हे ओळखण्याची खूण हीच: उलट उत्तरात तेच रूप चालते का?

ऐन दिवाळीत अशा किती जणी, किती जण आपल्या दाराशी येतात! पोस्त आपण देतोच. ते हाती ठेवताना ‘हे घे’ ऐवजी ‘हे घ्या’ म्हणायला पदरचे काहीच जात नाही, आणि शेजारी उभे असलेले आपले पोर तेवढ्यात आज्ञार्थाचा खरा धडा शिकून जाते.